मामाच्या खोलीतली वेळ

“पोरगी कॉम्प्युटर लावून देईल, मग आपण बसू,” असं मामा म्हणाला आणि बोटांवरचा खडू झटकून मोकळा झाला. झालं एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी दार आपटलं नाही. दातवाले डॉक्टर चष्मा पुसत होते ते पुसतच राहिले, आणि पंखेवाले काका चहात बुडवलेलं बिस्किट मोडायच्या आत तोंडात टाकायच्या खटपटीत होते. मला मात्र जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं झालं. पाय सावरला तोवर त्या दचकण्याचा राग झालेला होता. फळ्यावर मामाच्या तिरक्या अक्षरात उद्याच्या रेडिओ स्पर्धेला बसणाऱ्यांची नावं होती, आणि सगळ्यांत खाली, वर्गात जिथे गैरहजर मुलांचा आकडा लिहितात त्या कोपऱ्यात, लिहिलं होतं: कॉम्प्युटर – भोंगा. भोंगा म्हणजे मी. जन्मल्या जन्मल्या अशी काही रडले म्हणे की मामानं तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं, आणि खऱ्या नावाला घरात कुणी विचारेनासं झालं. रेडिओचा परवाना माझ्या दप्तरात होता, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. परीक्षा मी दिली, पास मी झाले, आख्ख्या जगात दुसऱ्या कुणाचं नाही असं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मला मिळालं, आणि फळ्यावर मी कशी होते? एखाद्या अवजारासारखी. पक्कड, सोल्डरिंग आयर्न, भोंगा.

“मामा,” मी म्हणाले, “लावून मी देणार आणि बसणारही मीच.”

पंखेवाल्या काकांचं बिस्किट चहात पडलं.

ज्यांनी कधी असली खोली बघितली नसेल त्यांना सांगते. माझा मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरला चिकटून असलेली खोली सोसायटीकडून मागून घेतली. तिथे त्याचा रेडिओ. गाणी लागतात तो नाही, बोलायचा. गच्चीवर ताणलेल्या तारेतून आवाज सोडायचा आणि समुद्रापलीकडे कुणीतरी तो उचलायचा. दोघांची ओळखदेख नाही. तू कोण, मी कोण, तुझा आवाज कसा येतोय, माझा कसा येतोय, आणि निरोप. कसला सौदा नाही, काम नाही, निव्वळ हौस. लिफ्ट वर आली की रेडिओत खरखर होते, आणि मामा त्या खरखरीवरून सांगतो की कुठलं बेअरिंग वाजतंय. मी शाळेचा अभ्यास त्या खोलीत केला आहे, तापात त्या खोलीत झोपले आहे, आणि ज्या काळात मी कुणाशीच बोलत नव्हते त्या काळात त्या खोलीच्या कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून नुसती ऐकत राहिले आहे. तो काळ दातांच्या तारेचा. तार डॉक्टरांनीच बसवली होती, आणि ती तोंडात असताना माझं ‘स’ असं काही शिट्टी मारत बाहेर यायचं की वर्गात धडा वाचायला उभी राहिले की मागचा बाक माझ्याबरोबर शिट्टी मारायचा. मी वाचणं सोडलं, मग उत्तर देणं सोडलं, मग हाक मारणंसुद्धा. भोंगा बंद. आई म्हणायची, बरी शांत झाली. या वर्षी तार निघाली आणि मी आरशासमोर उभी राहून ‘स’पासून सुरू होणारे सगळे शब्द म्हटले, सरळ, समोसा, सत्यानाश, सिग्नल, आणि त्या दिवसापासून जी बोलायला लागले ती थांबलेच नाही. डॉक्टर म्हणतात, “मी तार काढली ती चूकच झाली बहुतेक.” म्हणू देत.

तर मामानं मला आपादमस्तक बघितलं. त्याला राग आला की तो ओरडत नाही, हळू होतो, लिफ्ट मजल्यावर येताना होते तसा. “भोंगा, मी बोलायच्या आधी कितीतरी दिवस नुसता ऐकत होतो.” “मीही ऐकलंय. त्या बादलीवर बसून.” “आणि तुझं ते टायपिंग म्हणजे रेडिओ नव्हे. माणसाचा आवाज नाही, कानानं ऐकायचं नाही, दोन कॉम्प्युटर एकमेकांना चिठ्ठ्या देतात. आपण काय पोस्टमन?” हा त्याचा जुना मुद्दा. स्पर्धा म्हणजे ठरल्या वेळात जास्तीत जास्त लोकांशी बोलायचं, आणि यंदा असल्या चिठ्ठ्यांनाही गुण होते, म्हणून तर मामाच्या या रेडिओ मंडळाला कॉम्प्युटर आठवले आणि कॉम्प्युटरवरून मी. त्याला कसं सांगू की मला ते का आवडतं. त्या पद्धतीत सगळं जग पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत बोलतं. एक तुकडा तू बोल, पुढचा मी. मधे कुणी कुणाला तोडू शकत नाही. आवाज इतका बारीक असतो की मामाच्या पट्टीच्या कानालाही नुसतं खरखर ऐकू येईल, पण कॉम्प्युटर त्या खरखरीत हात घालून माणूस बाहेर काढतो. शिट्टी मारत बोलणारासुद्धा. मागच्या बाकाचं तिथे काही चालत नाही. हे सगळं माझ्या तोंडात आलं होतं, पण इतकं एकदम आलं की दारातच अडकलं, आणि मी म्हणाले, “तुला जमत नाही म्हणून तू नावं ठेवतोस.”

डॉक्टर हसले. मामा हसला नाही. “ठीक. आज अंधार पडायच्या आत एक माणूस, एक जरी माणूस, तुझ्या त्या चिठ्ठीला उत्तर देऊन गेला, तर उद्या मधली खुर्ची तुझी. नाहीतर नोंदींचा माझा जुना प्रोग्रॅम, आणि तू डॉक्टरांच्या शेजारी बसून मुकाट्यानं नोंदी करायच्या. पुढच्या वर्षीही.” पुढच्या वर्षीही हे त्यानं मुद्दाम जोडलं. मी म्हणाले, “चालेल.” लगेच म्हणाले. मग छातीत जे धडधडायला लागलं ते थांबेना. लिफ्ट वर आली, रेडिओ खरखरला, आणि मला वाटलं की तो माझ्याचमुळे खरखरतोय.

मधली खुर्ची म्हणजे रेडिओसमोरची. तिच्या एका हाताचं रेक्झिन फाटलंय आणि आतला पिवळा स्पंज मामानं बोलता बोलता कुरतडलेला आहे. लहानपणी मला वाटायचं की त्या स्पंजातून दूरदेशीचे आवाज येतात. ती मला हवी होती. बाकी काही नाही.

आता कॉम्प्युटर. खोलीत तीन, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. मामाचा डबा, विंडोजवाला, पांढऱ्याचा पिवळा झालेला, पंखा असा फिरतो की पंखेवाले काका त्याच्याकडे धंद्याच्या नजरेनं बघतात. डॉक्टरांचा चकचकीत मॅक, ज्याला मामा ‘अर्धं खाल्लेलं सफरचंद’ म्हणतो आणि तोंड धुतल्याशिवाय हात लावू नका म्हणून सगळ्यांना बजावतो. आणि माझा लॅपटॉप. मावसभावानं टाकून दिलेला. त्यावर विंडोज सुरू व्हायच्या आत आंघोळ उरकायची, म्हणून मी ते सगळं पुसून लिनक्स घातलं. आईनं विचारलं होतं, “विकत आणलंस?” “फुकट असतं.” “मग त्यात काहीतरी खोट असणार.” मामाचा जुना प्रोग्रॅम फक्त त्याच्या डब्यावर चालतो, आणि निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं बघत बघत मामा त्याच्याबरोबर म्हातारा झालाय. डॉक्टरांनी घेतलेला प्रोग्रॅम त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसारखा, गुळगुळीत, मंद उजेडाचा, आणि मॅकच्या बाहेर पाऊल टाकत नाही. दोघंही आपापल्या प्रोग्रॅमची बाजू अशी मांडत होते की जणू मुलाचं स्थळ आहे. मी निवडला तो तिसराच. करडा, कुरूप, सगळी बटणं एकाच मापाची, बघून कुणी प्रेमात पडणार नाही. रेडिओवाल्यांनी रेडिओवाल्यांसाठी फुकट लिहिलेला. पण तिन्हीवर चालतो, आणि तिन्हीवर सारखाच दिसतो. उद्या कुणीही कुठल्याही मशीनवर बसलं तरी बोटांना रस्ता माहीत असेल, आणि तिघांच्या नोंदी शेवटी एकाच साच्यात पडतील. मामा म्हणाला, “दिसायला अगदीच दरिद्री आहे.” मी म्हणाले, “मामा, तुझा रेडिओ काय राजकुमार आहे?”

आदल्या आठवड्यात मी ते सगळं लावून बघितलं होतं, डॉक्टरांच्या दवाखान्यात, शेवटचा पेशंट गेल्यावर. त्यांचा छोटा रेडिओ, खिडकीतून बाहेर सोडलेली वायर, आणि लवंगेच्या तेलाचा तो वास, ज्यानं अजून माझे जबडे आपोआप मिटतात. मॅकनं आधी नकारच दिला. हा प्रोग्रॅम ओळखीचा नाही, उघडू का? याला आवाज ऐकू देऊ का? डॉक्टर घाबरून म्हणाले, “नको गं, पेशंटच्या फायली आहेत.” मी म्हणाले, “तो तुमच्या रेडिओचा आवाज मागतोय, किडनी नाही मागत.” विंडोजला केबलची ओळख करून द्यावी लागते, आणि त्याची ती टुंगटुंग बंद करावी लागते, नाहीतर आपलं ‘तुम्हाला मेल आलाय’ समुद्रापार ऐकू जातं. आणि माझ्या लिनक्सनं काय सांगितलं? परवानगी नाही. माझा लॅपटॉप, माझी केबल, आणि मलाच म्हणतो परवानगी नाही! मी तेव्हा खूप वेळ त्या ओळीकडे बघत बसले. वर्गात, घरी, गच्चीवर, ज्यानं त्यानं मला हे वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. इतक्या कोरडेपणानं कुणी सांगितलं नव्हतं. पण लिनक्सची एक गंमत आहे. तिथे परवानगी द्यायचा अधिकार शोधत गेलं की शेवटी तो आपल्याकडेच निघतो. केबल वापरणाऱ्यांचा एक गट असतो, त्यात आपलं नाव घालायचं, पासवर्ड टाकायचा, बाहेर जाऊन परत आत यायचं. मी मला परवानगी दिली. आणि पडद्यावर धबधबा सुरू झाला. निळ्या पाण्यात पिवळे उभे धागे, एकेक धागा म्हणजे एकेक माणूस, आणि बाजूच्या चौकटीत ओळीमागून ओळ त्यांची कॉलसाइनं. डॉक्टर तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी म्हणाले, “मोठा आ करा.”

म्हणून आज मी निर्धास्त होते. मी केबल लावत होते तेव्हा मामा आपला विधी करत होता. मामाच्या खोलीत येणाऱ्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. फोन बंद करून दाराशी टोपलीत टाकायचा, कारण फोननं रेडिओ किरकिरतो. आणि रेडिओला जोडलेलं जे काही वेळ दाखवत असेल ते भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घ्यायचं. स्टेशनात एकच वेळ. इंटरनेटवरून आपोआप वेळ घेणं बंद, मामा स्वतः भिंतीकडे बघून स्वतःच्या हातानं वेळ लावणार. डॉक्टरांच्या मॅकला लावली, स्वतःच्या डब्याला तर कायमचीच आहे, आणि माझ्याशी आला तेव्हा लॅपटॉपनं पासवर्ड मागितला. मी केबल दातात धरून तो टाकून दिला. मनात म्हटलं, चला, निदान माझ्या मशीनला त्यानं स्टेशनात तरी घेतलं.

आणि काही आलं नाही. म्हणजे धबधबा आला. दवाखान्यात आला नव्हता इतका दाट, मामाची तारच तशी आहे. पिवळे धागे, जाडे, बारीक, थरथरणारे, सगळं जग त्या पट्ट्यात बोलत होतं. बाजूची चौकट मात्र पांढरी. पंधरा सेकंद, पांढरी. पुन्हा पंधरा, पांढरी. मी आवाज कमी केला, वाढवला, केबल काढून फुंकली, परत लावली, आवाजाची वाट बदलून बघितली, प्रोग्रॅम बंद करून उघडला. मॅकवर लावलं. पांढरी. मामाच्या डब्यावर लावलं. पांढरी. तीन कॉम्प्युटर, तीन जातींचे, आणि तिघांचं एकच उत्तर, म्हणजे काहीच नाही. पंखेवाले काका म्हणाले, “कॅपॅसिटर गेला असेल.” त्यांच्या मते जगात जे जे बंद पडतं त्याचा कॅपॅसिटर गेलेला असतो. डॉक्टर हळूच म्हणाले, “अगं, माझा तो प्रोग्रॅम एकदा लावून बघायचा का?” मामानं फाटक्या स्पंजाचा एक कण चिमटीत धरून बोटांनी मळला आणि खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. ऊन पाण्याच्या टाकीवरून उतरून भिंतीवर आलं होतं. मला एकदम तोंडात तार जाणवली. खरंच, जिभेला, वरच्या दातांवर, धातूची चव. मागच्या बाकावरून कुणी शिट्टी मारेल म्हणून मान आपोआप आखडली. नको बोलायला हवं होतं. लावून देते म्हणाले असते तर काय झालं असतं? शेजारी बसून नोंदी केल्या असत्या, शांत, बरी. आणि मग मला त्या ‘बरी’चाच इतका संताप आला की मी मोठ्यानं म्हणाले, “नाही!” कुणी काही विचारलंच नव्हतं. तिघंही दचकले.

“बाप रे, मला निघायला हवं, पेशंट येईल,” डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उठले. मग मनगटाकडे बघितलं आणि परत बसले. “हां. आहे वेळ.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. किती साधी गोष्ट. रोजची. मामाच्या खोलीत येणारा प्रत्येक जण भिंतीकडे बघतो आणि मनातल्या मनात वजाबाकी करतो, पंखेवाले करतात, पाणी सोडायला येणारा वॉचमन करतो, मी तर पाळण्यात असल्यापासून करतेय. आमच्या घराण्यात घड्याळं पुढे असतात. आजोबा कारखान्याच्या दारावर टाइमकीपर होते. भोंगा वाजला की फाटक लावायचं हे त्यांचं काम, आणि फाटकाबाहेर राहिलेल्या माणसांचे चेहरे ते घरी घेऊन यायचे. आपली पोरं कधी फाटकाबाहेर राहू नयेत म्हणून त्यांनी घरातली सगळी घड्याळं पुढे लावली. किती पुढे, ते कुणी मोजलेलं नाही. अंदाजानं, हातानं, मायेनं. त्यांची मुलगी म्हणजे माझी आई तेच करते, आणि मुलगा त्याच्याही वरताण. मामी सांगते, “लग्नाच्या दिवशी हा माणूस हॉलवर झाडूवाल्याच्या आधी पोचला होता. झाडूवाला म्हणाला, साहेब, जरा पाय वर घ्या.” मी शाळेत रोज फाटक उघडायच्या आधी पोचते. शिपाई कुलपाची किल्ली शोधत असतो, पटांगण रिकामं, झेंड्याच्या खांबाची सावली लांबलचक, आणि मी दप्तर पायाशी ठेवून उभी. तारेच्या दिवसांत मला ते बरं वाटायचं, कुणी नसायचं म्हणून. पण मुलं येताना घोळक्यानं येतात, हसत, कालचं काहीतरी बोलत, आणि मी त्या घोळक्यात कधी नसते, कारण मी आधीच आलेली असते. उशीर होईल, उशीर होईल, उशीर होईल, असं आई माझ्या पाठीत बोट खुपसत म्हणते, आणि उशीर कधीच झालेला नसतो. आम्ही जगाच्या आधी पोचतो आणि मग दाराशी उभं राहून जगाची वाट बघतो.

माणसं वजाबाकी करतात. कॉम्प्युटरला कुणी सांगितलंय?

मी भिंतीकडे बघितलं. तिथे दोन घड्याळं आहेत, एक आपल्या वेळेचं, आणि एक आख्ख्या जगातले रेडिओवाले वापरतात त्या सामाईक वेळेचं. मामानं दोन्ही पुढे लावलेली. म्हणजे त्यानं नुसतं घरालाच नाही, जगालाच पुढे ढकललं होतं! तोंडानं बोलायचं तेव्हा काही बिघडत नाही, हॅलो म्हटलं की हॅलो येतं. पण या पद्धतीत सगळं जग एका ठेक्यावर बोलतं, आणि आम्ही भलत्याच सेकंदाला कान उघडत होतो आणि भलत्याच सेकंदाला मिटत होतो. मिनिटं चुकली तरी त्या प्रोग्रॅमला चालतं, ठेका तर दर मिनिटाला सारखाच. पण आजोबांची माया सेकंद धरून लावलेली नव्हती ना. प्रत्येक वाक्य मधूनच सुरू होणारं, मधूनच तुटणारं. दवाखान्यात मशीनं आपली वेळ आपणच घेत होती, म्हणून तिथे चाललं. तीन कॉम्प्युटरांत काही खोट नव्हती. तिघांनाही आमचं घड्याळ लागलं होतं.

“मामा, तुझं घड्याळ चुकतंय.”

पंखेवाले काका कपाच्या तळाशी बिस्किट शोधायला लागले.

“चुकत नाही,” मामा म्हणाला. अगदी हळू. “पुढे आहे.”

“तेच.”

“तेच नव्हे. आमच्या बापानं लावलेली वेळ आहे ती. तिच्यामुळे मी आयुष्यात एकदाही कुणाला वाट बघायला लावलेली नाही.”

“पण स्वतः किती बघितलीस!” मला हे म्हणायचं नव्हतं. ते शाळेच्या फाटकाशी उभं असलेलं काहीतरी बोललं. मामानं माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्याच्या चेहऱ्यात तो हॉल दिसला, मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या आणि पाय वर घेऊन बसलेला नवरा मुलगा. पण मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा तोंडात तार आली असती. “तुला माझं ऐकायचं नसेल तर नको ऐकू. रेडिओचं ऐक.” आणि मी मधल्या खुर्चीत बसले. न विचारता. स्पंज माझ्या कोपराला टोचला. मी रेडिओची मोठी चकती फिरवली, खरखर, गाण्याचा तुकडा, कुठलंसं भाषण, खरखर, आणि मग ते सापडलं, जे मी बादलीवर बसून कितीदा ऐकलं होतं: टिक. टिक. टिक. जगात काही ठिकाणांहून दिवसरात्र नुसती वेळ सोडतात. सेकंदाला एक टिक, मिनिट भरलं की एक लांब सूर. मामा झोप येत नसली की हे लावून ठेवतो. बरं वाटतं म्हणतो. इतकी वर्षं खरी वेळ याच खोलीत टिकटिकत होती आणि तिच्या डोक्यावर ते घड्याळ.

मी लॅपटॉपवर पुढच्या मिनिटाची वेळ टाइप केली आणि बोट बटणाच्या वर धरलं. बोट काडीसारखं ताठ. टिक. टिक. मागे डॉक्टरांचा श्वास. टिक. “हात सैल सोड,” मामा म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळायला मला एक टिक लागली. “ताठ बोट उशिरा पडतं.” मी हात सैल सोडला. लांब सूर आला आणि मी बटण दाबलं.

मग चकती परत त्या पट्ट्यावर. धबधबा. पिवळे धागे. तुकडा भरत आला, चौकट पांढरी, पांढरी, आणि एकदम, फाटक उघडावं तशी, माणसंच माणसं! ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, खालच्या ओळी वरच्यांना ढकलत. मी किंचाळले की काय ते आठवत नाही, पण मामी खालून ओरडली, “काय झालं गं?” तेव्हा किंचाळले असणार. मी माझं कॉलसाइन लिहिलं. हाक मारायचं बटण दाबलं. रेडिओच्या पोटात कट्ट झालं, लाल दिवा लागला, आणि माझा आवाज, ज्याला आवाजच नाही, तारेवरून निघून गेला. पुढचा तुकडा, कुणी नाही. पुन्हा हाक. कुणी नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. तिसऱ्यांदा मी दाबलं तेव्हा दिवा बघितलाच नाही, डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा चौकटीत एक लाल ओळ होती आणि तिच्यात माझं कॉलसाइन होतं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं. इतका क्षीण सिग्नल की मामानं कान लावून बघितलं आणि मान हलवली, काही नाही, नुसती खरखर. पण तो होता. तो म्हणाला तू अशी येतेस, मी म्हणाले तू असा येतोस, तो म्हणाला पोचलं, मी म्हणाले निरोप. कुणी कुणाला तोडलं नाही.

“आता ऊठ,” मामा म्हणाला. “डॉक्टरांना बसू दे जरा.”

“नाही उठणार.” मी वळलेसुद्धा नाही. “उद्याची खुर्ची माझी. ठरलंय. आणि स्टेशनात एकच वेळ, हा तुझा नियम आहे ना? मग आता एक तर माझा लॅपटॉप बाहेर, नाहीतर ती दोन्ही घड्याळं.”

मागे बादली सरकल्याचा आवाज आला. मी बघितलं तर मामा माझ्या उलट्या बादलीवर चढून, भिंतीला हात टेकून, जागतिक वेळेचं घड्याळ खिळ्यावरून काढत होता. त्यानं ते छातीशी धरलं, सदऱ्यानं काच पुसली. “चकती फिरव,” म्हणाला, “टोला तू सांग. माझ्या कानाचं मला खरं वाटत नाही आता.” मी टिकटिक लावली. लांब सूर येताना ओरडले, “आता!” आणि त्यानं काटे जुळवून ओढून धरलेली चावी आत ढकलली. डब्याला आणि मॅकलाही आम्ही तसंच करून वेळ लावली, मी ओरडायची, तो दाबायचा. दुसऱ्या, आपल्या वेळेच्या घड्याळाकडे मी बोट केलं तेव्हा मात्र तो म्हणाला, “ते राहू दे.” ते मी राहू दिलं. त्या घड्याळाशी कुठलाच कॉम्प्युटर बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्या पाठीत बोट खुपसत म्हणाली, “उशीर होईल.” मी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. “नाही होणार.” “घड्याळ बघ!” “बघितलं, आई. माझं.” मनगटावरचं मी रात्रीच लावून घेतलं होतं. ती बघतच राहिली, दार उघडं धरून, आणि मी लिफ्ट न घेता जिन्यानं गेले, एकेक पायरी, शेवटचीसुद्धा, कारण ती आता होती. गच्चीच्या दाराशी मामा उभा होता. त्याच्या वेळेनं तो केव्हाचा उभा असणार. आत डॉक्टर, पंखेवाले, आणि मधली खुर्ची रिकामी. फाटक्या हाताला कुणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, लिफ्टच्या वायरींना गुंडाळतात ती.

“उशीर केलास,” मामा म्हणाला.

“नाही केला,” मी म्हणाले आणि बसले. तुकडा सुरू व्हायचाच होता. कट्ट झालं आणि लाल दिवा लागला.